परिशिष्टातलं शौर्य

आमच्या ह्यांना भांडता येत नाही. दुकानातून आणलेलं दूध नासकं निघालं तर ते परत करायला मी जाते. रांगेत कुणी मध्येच घुसलं तर हे त्याला जागा करून देतात आणि वर 'तुम्हाला घाई असेल' असंही म्हणतात. मी पालिकेच्या प्रसूतिगृहात मेट्रन आहे. तिथे बायका कळा देताना नवऱ्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांचा उद्धार करतात आणि त्यांच्यावर ओरडण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे आमच्या घरात एकाने ओरडायचं आणि एकाने ऐकायचं अशी वाटणी आपोआप झाली.

हे पालिकेच्या मुख्य कचेरीत अधिकारी आहेत. काम काय, तर श्वेतपत्रिका लिहिणं. लग्न ठरलं तेव्हा आमच्या मावशीला वाटलं होतं, मुलगा पांढऱ्या कागदावर लग्नाच्या पत्रिका छापतो. मलाही फारसं वेगळं काही माहीत नव्हतं. ह्यांनी मग सगळं समजावून सांगितलं. फार पूर्वी सरकारी अहवाल जाडजूड असायचे, निळ्या पुठ्ठ्यात बांधलेले. छोट्या अहवालाला पुठ्ठा कशाला, म्हणून त्याला आतल्या कागदासारखंच साधं पांढरं वेष्टन. तेच नाव चिकटलं.

"म्हणजे पांढऱ्याचा आणि खऱ्याचा काही संबंध नाही?" मी विचारलं होतं.

"नावात नाही, कामात आहे," हे म्हणाले. "सत्तेवर बसलेल्यांनी निर्णय घ्यायच्या आधी लोकांपुढे सगळं मांडायचं. परिस्थिती काय आहे, आपलं काय चुकलं, आता काय करायचा विचार आहे. लोकांनी ते वाचायचं, बोलायचं आणि मग ठरवायचं. आणि लिहिणारा कुणीही असो, श्वेतपत्रिका त्याची नसते. ती सत्तेची स्वतःची जबानी असते."

मी तेव्हा नवी नवरी. एवढं मोठं काम करणारा नवरा मिळाला म्हणून मनातल्या मनात उडत होते. नंतर हळूहळू कळलं की आमच्या पालिकेत श्वेतपत्रिकेचा उपयोग निराळाच आहे. लोक फार ओरडायला लागले की नगराध्यक्ष म्हणतात, "श्वेतपत्रिका काढू." रडणाऱ्या पोराला 'उद्या आणू हं' म्हणतात ना, तसंच. पोर गप्प होतं, उद्या काही उजाडत नाही. ह्यांनी महिना महिना घासून लिहिलेली पत्रिका सभेत मांडली जाते, नगराध्यक्ष घड्याळाकडे बघत म्हणतात, "वाचली असे समजावे." सगळे सदस्य बाकं वाजवतात आणि जेवायला उठतात. पत्रिका कपाटात.

पण ह्यांची एक गंमत आहे. हे त्या पत्रिकांत खरं लिहितात. पाण्याच्या टाकीला तडा का गेला, रस्ता दोनदा का खणला, बागेतला झोपाळा कुणाच्या बंगल्यात गेला, सगळं. अगदी सभ्य भाषेत, 'असे निदर्शनास येते' वगैरे लावून, पण खरं. कुणी वाचतच नाही, मग भीती कसली. मी चिडवायचे, "सत्यवादी आहात खरे, पण कपाटातले." हे हसायचे आणि पेन्सिलीला टोक काढत बसायचे.

तर आमचं प्रसूतिगृह बंद करायचं ठरलं.

वॉर्डातली धाकटी सिस्टर वर्तमानपत्र घेऊन धावत आली तेव्हा मी एका बाळाचं वजन करत होते. कारणं ठळक अक्षरांत छापली होती. बाळंतपणं कमी झाली, इमारत धोकादायक झाली, आणि रेल्वे फाटकापलीकडे नवं मोठं रुग्णालय झालंच आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाळंतपणं कमी झाली ती का, हे मला विचारा. वरच्या मजल्यावर लेबर रूम आणि लिफ्ट कित्येक वर्षं बंद. दिवस भरलेल्या बाईला आम्ही खुर्चीत बसवून चार जण मिळून जिन्यावरून नेतो. कायम डॉक्टरची जागा रिकामी झाली ती रिकामीच राहिली. एवढं करूनही जी बाई येते ती सुखरूप घरी जाते, कारण माझ्या मुली डोळ्यांत तेल घालून बसतात. आणि फाटकाचं काय सांगू. मालगाडी आली की ते अर्धा अर्धा तास उघडत नाही. कळा काही फाटकवाल्याला विचारून येत नाहीत.

लोक जमले. ज्यांची पोरं इथे झाली ते, जे स्वतः इथे झाले ते, आणि नुसते बघायला आलेलेसुद्धा. नगराध्यक्ष गाडीतून उतरले, पायरीवर उभे राहिले आणि गोड आवाजात म्हणाले, "तुमच्या भावना मला समजतात. आपण श्वेतपत्रिका काढू. ती सभेत मांडू. त्यानंतरच बंद करण्याचा ठराव घेऊ."

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. मी एकटी कपाळाला हात लावून उभी राहिले, कारण मला माहीत होतं की आता आमचा गाशा गुंडाळला.

ती पत्रिका लिहायचं काम अर्थातच ह्यांच्याकडे आलं. घरात मी आठवडाभर ह्यांच्याशी धड बोलले नाही. भांडी मात्र बोलत होती. हे रोज माझ्याकडे येऊन काहीबाही विचारायचे. लिफ्ट कधी बंद पडली, दुरुस्तीची मागणी कितीदा पाठवली, इमारत तपासायला इंजिनिअर आला तेव्हा काय म्हणाला. मी तुटक उत्तरं द्यायचे. हे लिहून घ्यायचे.

एका संध्याकाळी जेवताना हे म्हणाले, "झाली लिहून."

"काय लिहिलंत?"

"खरं ते."

"सगळं?"

"सगळं. इंजिनिअरने इमारत भक्कम आहे असं कळवलं होतं, ते. डॉक्टरच्या जागेसाठी जाहिरातच दिली नाही, ते. आणि त्या जागेवर गाड्यांचा वाहनतळ बांधायचा नकाशा आधी तयार झाला, प्रसूतिगृह बंद करायची कारणं नंतर मागवली, तेही."

मी हातातला घास ताटात ठेवला. "आणि हे सगळं छापलंय कुठे?"

ह्यांनी पाण्याचा पेला उगाच इकडचा तिकडे केला. "परिशिष्ट तीनमध्ये."

माझा राग उसळून आला. "धन्य आहे तुमची," मी म्हटलं. "पुढे सगळं गुळमुळीत, आणि जो काही बाणा तो शेवटी, कुणाची नजर पोचणार नाही अशा पानावर. आयुष्यभर तेच केलंत. तुमचं सगळं शौर्य परिशिष्टात."

मला वाटलं आता हे गप्प बसतील. पण हे शांतपणे म्हणाले, "नगराध्यक्षांनी आज सही केली. पहिल्या पानावर. फोनवर बोलता बोलता."

"न वाचता?"

"त्यांनी आजवर एकही वाचलेली नाही. कुठे सही करायची तेवढं बोटाने दाखवायचं." मग हे ताटाकडे बघत म्हणाले, "नियम सत्तेचाळीस, पोटनियम दोन आहे खरा. एका जरी सदस्याने 'नाही' म्हटलं, तरी श्वेतपत्रिका वाचली असं समजता येत नाही. मग ती सभेत पूर्ण वाचावी लागते. ज्याने लिहिली त्यानेच वाचायची."

"मग कुणी म्हणत का नाही?"

"जेवणाची वेळ होते ना," हे म्हणाले, आणि ताट उचलून घासायला गेले.

मला त्या रात्री झोप नीट लागली नाही. पण सकाळी डोकं एकदम लख्ख चाललं.

आमच्या भागातून नवीनच निवडून आलेला एक सदस्य आहे. सगळे त्याला फटफट्या म्हणतात, कारण त्याच्या मोटारसायकलचा आवाज दोन गल्ल्या आधी ऐकू येतो. विरोधी बाजूचा, तापट, पण मनाने चांगला. त्याची बायको नवव्या महिन्यात होती, आमच्याकडेच नाव घातलेलं. दुसऱ्या दिवशी तो तिला तपासणीला घेऊन आला. ती आत गेली तसा मी त्याला तपासणीच्या खोलीबाहेर गाठला.

"उद्याच्या सभेत एक शब्द बोलशील का?" मी विचारलं.

"मेट्रनबाई, तुमच्यासाठी तासभर बोलतो. फक्त तिकडे कुणी ऐकत नाही."

"तासभर नको. एकच शब्द बोलायचा. 'वाचली असे समजावे' म्हणतील, तेव्हा उभा राहून 'नाही' म्हण. मग खाली बस आणि तोंड बंद ठेव."

"एवढंच?"

"तोंड बंद ठेवणं जमेल का ते बघ, अवघड तेच आहे."

त्याने मान डोलावली. नियमाचा क्रमांक मी त्याच्या तळहातावर पेनने लिहून दिला, नाहीतर तो विसरला असता.

ह्यांना मी ताकास तूर लागू दिली नाही. कळलं असतं तर हे सभेच्या दिवशी ताप आणून झोपले असते, अशी माझी खात्री होती. खरं सांगते, मनात धाकधूकही होती. सभेत सगळ्यांसमोर उभं राहून नगराध्यक्षांच्या तोंडावर ते पान वाचायचं म्हणजे खेळ नाही. ह्यांची बदली कुठल्या कचरा डेपोवर करतील याचा नेम नव्हता. आणि ऐन वेळी ह्यांनी ते पान गाळलं असतं तर? प्रसूतिगृह तर गेलंच असतं. पण ज्या माणसाला मी परवापर्यंत चिडवत होते, त्याच्याकडे नंतर कुठल्या नजरेने बघायचं, हा प्रश्न मला जास्त छळत होता.

सभेच्या दिवशी प्रेक्षकांची गॅलरी गच्च भरली. धाकटी सिस्टर, आमच्याकडची झाडलोट करणारी मावशी, बाळंतिणी, त्यांच्या कडेवरची पोरं. खाली लाकडी बाकं अर्धवर्तुळात, प्रत्येकापुढे मायक्रोफोन, त्यातले निम्मे खरखरणारे. नगराध्यक्ष उंच खुर्चीवर. त्यांच्या डाव्या हाताला छोट्या टेबलाशी हे, समोर ती पत्रिका, पांढऱ्या कव्हरची, दोऱ्याने शिवलेली. सकाळी मीच इस्त्री केलेला शर्ट ह्यांच्या अंगावर होता आणि तो आत्ताच पाठीवर ओला दिसत होता.

इतर विषय भराभर उरकले. नगराध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "प्रसूतिगृहाविषयीची श्वेतपत्रिका सभेपुढे मांडण्यात येत आहे. वाचली असे समजावे."

बाकं वाजवायला हात उचलले गेले होते.

"नाही," फटफट्या म्हणाला.

हात तसेच वर राहिले. नगराध्यक्षांना वाटलं त्यांच्या ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

फटफट्याने तळहात बघितला आणि तोच हात सभेकडे करून म्हणाला, "नियम सत्तेचाळीस, पोटनियम दोन. वाचून दाखवा." आणि खाली बसून त्याने ओठ असे घट्ट मिटले की मला वरून हसू आवरेना.

नगराध्यक्षांनी ह्यांच्याकडे पाहिलं, असा काही नियम नाही असं हे सांगतील या आशेने. ह्यांनी मान हलवली. नियम होता. "बरं, थोडक्यात वाचा," नगराध्यक्ष म्हणाले, "लोकांना भुका लागल्यात."

हे उभे राहिले. मायक्रोफोन खरखरला. पहिलं पान हे पुटपुटल्यासारखं वाचायला लागले, मागच्या बाकावर कुणी जांभई दिली. प्रस्तावना झाली, शहराचा विस्तार झाला, आरोग्यसेवेचा आढावा झाला. मी गॅलरीचा कठडा धरून बसले होते. पत्रिकेचा मुख्य भाग संपला तसं नगराध्यक्षांनी हात वर केला. "झालं. परिशिष्टं वाचायची गरज नाही."

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. हेही खाली बसतील असंच मला वाटलं. हे काही बसले नाहीत. ह्यांनी पेल्यातलं पाणी प्यायलं, पेला टेबलावर नीट मध्यभागी ठेवला आणि एकदा वर गॅलरीकडे पाहिलं. थेट माझ्याकडे.

"नियमात 'परिशिष्टांसह' असा शब्द आहे, साहेब," हे म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण पुटपुटता नव्हता. जो माणूस नासकं दूध परत करत नाही, तो नगराध्यक्षांना त्यांचाच हुकूम परत करत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याची लाज वाटली नाही.

आकड्यांची पहिली दोन परिशिष्टं ह्यांनी झरझर उरकली आणि मग हे सावकाश वाचू लागले. "परिशिष्ट तीन. प्रसूतिगृहाची उद्वाहन यंत्रणा बंद असल्याबाबत मेट्रन यांनी वेळोवेळी मागणी केली. त्या मागण्यांवर कोणतीही कार्यवाही झाल्याचे आढळत नाही. कायम वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद भरण्यासाठी जाहिरात देण्यात आलेली नाही. इमारत धोकादायक असल्याचे म्हटले जाते. तथापि तपासणी अभियंत्याचा अहवाल ती भक्कम असल्याचे सांगतो."

जांभई देणारा सरळ बसला. वार्ताहरांच्या बाकावर पेनं चालू झाली.

"फाटकापलीकडील रुग्णालयात वेळेत पोचण्याची खात्री देता येत नाही. अशा अडचणी असूनही या प्रसूतिगृहात दाखल झालेल्या माता सुखरूप घरी गेल्या आहेत. याचे श्रेय तेथील कर्मचाऱ्यांना जाते." इथे ह्यांनी पान उलटलं. मग शेवटचं वाक्य ह्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचलं. "उपलब्ध तारखांवरून असे दिसते की, या जागेवरील वाहनतळाचा नकाशा आधी मंजूर झाला, व प्रसूतिगृह बंद करण्याची कारणे त्यानंतर मागवण्यात आली."

गॅलरीत एक तान्हं पोर रडायला लागलं आणि ते सगळ्या सभागृहात ऐकू आलं.

नगराध्यक्षांचा चेहरा लालबुंद झाला होता. "हे तुमचं वैयक्तिक मत दिसतंय," ते ह्यांना म्हणाले. "एका अधिकाऱ्याच्या मनात आलं म्हणून—"

"नाही, साहेब," हे म्हणाले. "माझं मत लिहायचं असतं तर मी अर्ज केला असता. ही श्वेतपत्रिका आहे. श्वेतपत्रिका सत्तेची स्वतःची जबानी असते. पहिल्या पानावर आपली सही आहे." आणि पत्रिका उघडून ह्यांनी ते पान सभेकडे वळवून धरलं.

आता नगराध्यक्षांपुढे दोनच वाटा होत्या. न वाचता सही केली, हे एवढ्या लोकांसमोर कबूल करायचं, नाहीतर लिहिलेला प्रत्येक शब्द आपला म्हणायचा. माणूस मुरलेला. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं, घसा साफ केला आणि बघता बघता चेहऱ्यावर हसू आणलं.

"अर्थात माझी सही आहे," ते म्हणाले. "मीच सांगितलं होतं, काहीही लपवू नका. या प्रशासनाला आपल्या चुका मान्य करायची भीती नाही. म्हणूनच बंद करण्याचा ठराव मी मागे घेतो. लिफ्टचं काम लगेच सुरू होईल आणि डॉक्टरची जाहिरात याच आठवड्यात निघेल."

बाकं अशी वाजली की मायक्रोफोन उड्या मारायला लागले. दोन्ही बाजूंची वाजली. गॅलरीत मावशी धाकट्या सिस्टरच्या गळ्यात पडली, बाळंतिणी हसत होत्या, रडत होत्या, कुणाचं पोर कुणाच्या कडेवर गेलं कळेना. फटफट्या बाकावर उभा राहून दोन्ही हात हलवत होता, आणि तोंड अजून बंदच होतं. "श्रेय लाटलं बघा त्यांनी," मावशी माझ्या कानात म्हणाली. मी म्हटलं, घेऊ दे. श्रेय घेतलं म्हणजे शब्दही त्यांच्याच गळ्यात पडला, आता लिफ्ट चालू केल्याशिवाय सुटका नाही.

हे टेबलावरचे कागद गोळा करत होते. एकेक सदस्य येऊन ह्यांचा हात हातात घेत होता. त्यातले कितीतरी आमच्याच लेबर रूममध्ये जन्मलेले, वरून एकेकाला मी ओळखत होते. माझी छाती फुगली होती. एवढी वर्षं 'अमक्याची बायको' म्हणून ओळख करून दिली की मी 'मी मेट्रन आहे' असं पुढे जोडायचे. त्या दिवशी दारातल्या शिपायाने विचारलं, तुम्ही कोण, तर मी सांगितलं, ज्यांनी वाचली त्यांची बायको.

फटफट्याच्या बायकोला आठवड्यात मुलगी झाली. लिफ्टचे लोक तेव्हा खाली मोजमापं घेत होते, म्हणून तिलाही आम्ही खुर्चीतूनच वर नेली. पण खुर्चीतून वर गेलेल्या शेवटच्या काही जणींपैकी ती. आता सभेत प्रत्येक श्वेतपत्रिकेला कुणीतरी 'नाही' म्हणतंच. जेवण उशिरा होतं अशी सदस्यांची तक्रार आहे. सही करताना नगराध्यक्ष फोन खाली ठेवतात, असंही ऐकते. आणि ह्यांची बदली झाली नाही, कारण ज्याने 'माझ्याच सांगण्यावरून' एवढं धाडसी लिहिलं त्याला हलवणार कसं.

सभेच्या त्या संध्याकाळी मात्र ह्यांचा घसा पार बसला होता. एवढं मोठ्याने बोलायची सवय नाही ना. मी मिठाचं कोमट पाणी करून दिलं आणि न्हाणीघराच्या दारात उभी राहिले. हे गुळण्या करत होते.

"एक विचारू?" मी म्हटलं. "तो फटफट्या उभा राहिला तेव्हा तुम्हाला धक्का बसला असेल."

ह्यांनी चूळ टाकली, टॉवेलने तोंड पुसलं. "नाही. त्याच्या तळहातावर तुझं अक्षर होतं. लांबूनही ओळखलं."

मी जीभ चावली. "सांगायला हवं होतं मी तुम्हाला. रागावलात?"

"मी कशाला रागवू?" ह्यांचा आवाज घोगरा, पण डोळे हसत होते. "जेवता जेवता बायकोला पोटनियमाचा क्रमांक कोण सांगतं?"

मी ह्यांच्या हातातला टॉवेल ओढून घेतला. एवढ्या वर्षांत ह्यांनी मला गुपचूप कामाला लावण्याची ती पहिली वेळ.

"पानं मी कितीतरी वर्षं लिहितोय," हे म्हणाले. "वाचायची तयारीही होती. फक्त 'नाही' म्हणणारं कुणीतरी हवं होतं, आणि ते मला जमत नाही. म्हटलं, आपल्या घरात ज्याला जमतं त्याच्या कानावर घालून ठेवावं."

मी ह्यांच्या हातातला पेला घेतला आणि त्यात आणखी कोमट पाणी ओतलं.

"गुळण्या करा नीट," मी म्हटलं. "पुढच्या महिन्यात पाण्याच्या टाकीची वाचायची आहे."